धुतलेलं पिंप

माझ्या आयुष्यातला सगळ्यात मूर्ख उद्योग मी अत्यंत स्वच्छ हातांनी केला. आमच्या घरातलं थोरलं पिंप मी काथ्याने घासलं, पळीने खरवडलं आणि धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्याने तळापर्यंत धुऊन काढलं. वर ते अंगणात उन्हाला लावलं आणि शेजारी कमरेवर हात ठेवून कौतुकाची वाट बघत उभी राहिले. हे वाचून "मग त्यात काय एवढं?" असं ज्यांना वाटलं असेल ते बिचारे माझ्याच जातकुळीचे, पुढचं त्यांच्यासाठी लिहिते आहे. ज्यांच्या घरात वाईन मुरते ते एव्हाना कपाळाला हात लावून बसले असतील. त्यांनी खुशाल बसावं. मीही नंतर पुष्कळ बसले.

आमचं घर रेवदंड्याच्या खाडीजवळच्या किरिस्तांव वस्तीत, चर्चच्या घंटेपासून हाकेच्या अंतरावर. 'आमचं' असं मी आज म्हणते. तेव्हा ते फिलूआत्याचं होतं. माझी आई माझगावच्या खोलीत वारली. पपा बोटीवर खानसामा, सहा-सहा महिने समुद्रावर. दहा वर्षांच्या मुलीला बोटीवर नेता येत नाही आणि खोलीत एकटी ठेवता येत नाही, म्हणून त्यांनी मला आपल्या थोरल्या बहिणीकडे आणून सोडलं. मला आठवतं, त्यांनी माझी पिशवी ओट्यावर ठेवली आणि शेजारी मला. पिशवी आधी आत गेली.

फिलूआत्याने लग्न केलं नव्हतं. उंच, हाडकुळी, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेली, आणि बोलायला महाकंजूष. दिवसाला ती वीसेक शब्द खर्च करायची, त्यातले निम्मे डुकराला. सांजेला घंटा झाली की आम्ही दोघी तेर्साला बसायचो, म्हणजे माळ ओढत प्रार्थना म्हणायला. अर्धी प्रार्थना ती म्हणायची, उरलेली अर्धी मी. घरातलं आमचं संभाषण ते एवढंच, आणि तेही देवाशी. मग तांदळाची पेज आणि निखाऱ्यावर भाजलेले सुके बोंबील. बोंबील मोडल्याचा आवाज त्या घरात इतका मोठा वाटायचा की मी ते तोंडात धरून मऊ करून खायला शिकले. शाळेत पोरं मला 'मुंबयची' म्हणत. मीही जरा तोऱ्यातच असे. बुटाला रोज पॉलिश करून पुळणीतून चालत जायची. अशा मुलीला मैत्रिणी का मिळाल्या नाहीत याचं आश्चर्य मला तेव्हा वाटे, आता अजिबात वाटत नाही.

घराच्या मागच्या अंगाला, खाडीकडे पाठ करून, एक लांबट अंधारी कोठी होती. तिच्यात तीन लाकडी पिंपं आडवी मांडलेली: धाकटं, मधलं आणि थोरलं. पणजोबांनी ती मोडीत निघालेल्या एका गलबतावरून उतरवून आणली, असं सांगत. दारावर सरकारी परवान्याचा कागद काचेच्या चौकटीत, येशूच्या तसबिरीला लागून. आत्या आत शिरताना दोघांकडेही बघत एकदाच क्रूस करायची. मे महिना सरत आला की जांभळं यायची, टोपल्याच्या टोपल्या. ती हातांनी कुस्करायची, साखर आणि मनुका घालून धाकट्या पिंपात भरायची. चार-सहा दिवसांत धाकटं बोलायला लागायचं. आतून बुडबुड, बुडबुड, कुणीतरी घाईघाईने तेर्स उरकत असल्यासारखं. मी त्याला कान लावून तासन्तास बसत असे. दुपारी त्या घरात माझ्याशी बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

खरा कारभार मात्र थोरल्याचा. वर्षाला त्यातून थोडीच वाईन काढायची, फार तर तिसरा हिस्सा. जेवढी काढली तेवढी मधल्यातून त्यात भरायची, मधल्यात धाकट्यातून, आणि धाकट्यात नवी जांभळं. म्हणजे थोरलं कधी रिकामं होत नसे. पणजोबांनी घातलेल्या पहिल्या जांभळांचा एखादा थेंब अजून त्यात असणार, असा हिशेब. त्यातली वाईन काळीभोर, मधासारखी जड आणि गोड. घरात तिला वाईन कोणी म्हणतच नसे. 'जुनी' म्हणत. ती विकायची नाही. सणासुदीला लागायची ती मधल्यातली. जुनीची बाटली वस्तीत फक्त तीन घरी जायची: मूल जन्मलं त्या घरी, लग्न असेल त्या घरी आणि माणूस जायला टेकलं असेल त्या घरी. मुलाच्या ओठाला एक बोट, नवरानवरीला एक घोट, जाणाऱ्याला एक चमचा. माझगावच्या खोलीत आईच्या ओठांवर पपांनी लावलेला चमचा जुनीचाच होता. तो वास खोलीतून बरेच दिवस गेला नाही. हे मी आत्याला कधी सांगितलं नाही. थोरल्याला मी कान लावत नसे, हेही सांगितलं नाही.

ईस्टर होऊन गेला आणि थोरलं गळायला लागलं. खालच्या फळीच्या सांध्यातून एक काळा थेंब यायचा, थांबायचा, पडायचा. आत्याने खाली बशी ठेवली. बशीला मुंग्यांची रांग लागली. तिने एक अख्खा दिवस खर्चून सगळी जुनी सात चिनीमातीच्या बरण्यांत काढली, तोंडांना फडकी बांधली, आणि होड्या बांधणाऱ्या धर्मा सुताराला बोलावणं पाठवलं. धर्माने पिंप उभं केलं, वरचा पट्टा उतरवला, झाकणाची फळी काढून आत डोकावला.

"पिंपाचं काम तुला झेपंल काय धर्मा, असं इचारू नको बाय," तो आत्याला म्हणाला. "होडी पानी भायेर ठेवते, पिंप आत ठेवतं. त्याच फळ्या, त्याच सांधी."

"होडी बुडली तर तू दुसरी बांधशील," आत्या म्हणाली. "ह्ये दुसरं न्हाय."

सांध्यात भरायला खाडीकाठचं लव्हाळं लागणार होतं आणि पट्टा लोहाराकडून आखडून आणायचा होता. आठवड्याने येतो म्हणून धर्मा गेला. आणि त्याच दुपारी पपांचं पत्र आलं.

आत्याला वाचता येत नव्हतं. पत्रं मी वाचून दाखवायची, ओट्यावर उभी राहून, शाळेत कविता म्हणावी तशी खड्या आवाजात. हवा, बोट, कुठल्या बंदरात काय खाल्लं, असं सगळं होऊन शेवटी वाक्य आलं: 'आग्नेस आता अकरा वर्षांची झाली. तुझ्यावर किती दिवस भार ठेवायचा? तिला मुंबईला सिस्टरांच्या बोर्डिंगात घालावी असं माझ्या मनात आहे. तू एकदा जाऊन बघून ये.' मी ते वाक्य वाचलं. गाळता आलं असतं. एवढी अक्कल असती तर हे प्रकरण लिहायची वेळच आली नसती.

"परत वाच," आत्या म्हणाली.

मी परत वाचलं, त्याच खड्या आवाजात. आत्या डुकराला कोंडा घालायला उठली. "जाऊन बघून येते," एवढंच तिने सांगितलं, आणि मला कळेना की ते डुकराला सांगितलं की मला.

तिसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने ती रेवसला निघाली. तिथून लाँचने भाऊच्या धक्क्याला. परत यायला तीन दिवस. सोबतीला शेजारच्या नतालकाकी झोपायला येणार होत्या. निघताना आत्याने मला एकच काम सांगितलं: पिंपावर ओलं फडकं टाकलंय ते सुकू द्यायचं नाही. "बाकी हात लावू नको," ती म्हणाली. बारा शब्दांचं भाषण असेल. तिच्या मानाने फार मोठं. मी मोजत राहिले, ऐकलं नाही.

माझा विचार असा होता. बोर्डिंगात घालतात ती भार झालेली पोर. भार नसलेली पोर म्हणजे उपयोगाची पोर. तर आत्या येईपर्यंत आपण इतकं उपयोगाचं व्हायचं की तिने पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणावं, ही गेली तर माझं कसं होईल! पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघर काढलं. भांडी राखेने घासली, चुलीला पोतेरं केलं, बोंबलांची दोरी झटकली. दुसऱ्या दिवशी अंगण, डुकराचा गोठा आणि डुक्कर. डुकराला ते रुचलं नाही. नतालकाकी कुंपणावरून म्हणाल्या, "पोरी, बिशप येनार हाय काय?" मी घासतच राहिले, उपयोगी माणसांना वेळ नसतो. तिसऱ्या दिवशी घासण्यासारखं काही उरलंच नाही, आणि मी पिंपावरचं फडकं ओलं करायला कोठीत गेले.

फडकं उचललं. आत काळंकुट्ट. बाजूंना बोटभर जाडीचा साका, तळाला शेणासारखा गाळ, मध्येच बारीक खडे चमकणारे. मला आत्याची कीव आली, खरंच सांगते. बिचारीचा हात तळापर्यंत पोचत नसणार! आणि मी बारीक होते, पिंपात सहज मावत होते. देवाने मला याच कामासाठी बारीक ठेवलं आहे अशी माझी खात्री पटली. पाणी तापवलं, सोडा घातला आणि काथ्या घेऊन मी पिंपात उतरले.

आत उतरल्यावर मी सहज एक गाणं म्हटलं, आणि पिंपाने ते परत म्हटलं. मी थांबले. "कोण आहे?" असं विचारलं. तेही त्याने विचारलं. वर्षभरात मला उलट विचारणारं पहिलंच कोणी. मग मी काय काय बोलले त्या पिंपाशी! शाळेतल्या पोरींची गाऱ्हाणी, बुटाचं पॉलिश, बोर्डिंग, आईचं नाव. घासत होते आणि बोलत होते. जसजसा साका निघत गेला तसतसा आवाज लख्ख होत गेला, आणि मला वाटलं, बघा, ह्यालाही बरं वाटतंय. आणि तो वास, चमच्याचा, खाटेचा, तोही उतरत गेला, सोड्याच्या वासाखाली पार बुडाला. सगळ्यांना मी आजवर सांगत आले की मी स्वच्छतेच्या वेडाने पिंप धुतलं. सत्तरी उलटल्यावर लपवाछपवीला अर्थ नाही. काथ्या जास्त जोरात चालला तो त्या वासासाठी.

गाळ मी डुकराच्या परातीत ओतला. कालच्या अंघोळीचा राग विसरून त्याने तो चाटून संपवला, फणसाखाली चार पाय चार दिशांना टाकून आडवं झालं आणि असं घोरायला लागलं की दुपारच्या घंटेला चर्चमध्ये जाणाऱ्या बायका वाट वाकडी करून बघायला आल्या. मी तोवर पिंप घरंगळवत अंगणात आणलं होतं. उन्हात ते नव्या मुलासारखं गोरंपान दिसत होतं.

आत्या उतरत्या उन्हात आली. डोक्यावर एक नवी पत्र्याची ट्रंक, हातात पिशवी. फाटकातून तिने आधी डुक्कर पाहिलं, मग पिंप, मग मला. ट्रंक खाली ठेवली. पिंपापाशी आली, दोन्ही हात काठावर टेकून तिने डोकं आत घातलं आणि तशीच राहिली. मी कौतुकाच्या शब्दांची वाट बघत होते. आतून तिचा श्वास ऐकू येत होता, तोही दुणावून.

"समदं?" तिने आतूनच विचारलं.

"हो! तळापर्यंत," मी म्हटलं. आणि एवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली? "सोड्याने."

"गाळ?"

मी डुकराकडे बोट दाखवलं.

आत्याने डोकं बाहेर काढलं. मला वाटलं होतं ती मारील. माझगावला आई मारायची आणि मग जवळ घ्यायची, मला तो क्रम माहीत होता. आत्याने मारलं नाही. तिने पिंप हळूहळू फिरवत सावलीत नेलं, आत पाणी भरलं, आणि आत जाऊन पेज शिजवली. त्या संध्याकाळी तेर्साला तिचा अर्धा भाग ऐकू आला नाही. मी माझा अर्धा म्हणायचे, मध्ये तेवढी जागा मोकळी सोडायचे, पुन्हा माझा अर्धा म्हणायचे. असं बरेच दिवस चाललं. मी काय केलं हे मला आत्याकडून कळलंच नाही. पट्टा घेऊन आलेल्या धर्माने सांगितलं. त्याने आत पाहिलं, कानात खोचलेली विडी काढली, परत खोचली. म्हणाला, "पोरी, वाईन जांभळात नसते गो. ती ह्या काळ्यात असते. तुज्या पणज्याला घासून काढलंस तू."

त्या ट्रंकेत बोर्डिंगची सगळी तयारी होती: दोन पांढरे फ्रॉक, एक थाळी, एक पेला, नंबर घातलेला टॉवेल. आत्या जाऊन ठरवूनच आली होती. जूनमध्ये शाळा उघडली की जायचं. धर्माने पिंप सांधलं. आत्या रोज त्यातलं पाणी बदलायची, रोज हुंगायची. पंधरा दिवसांनी सोड्याचा वास गेला, तेव्हा मधल्यातली वाईन आणि सातांपैकी एक बरणी तिने त्यात ओतली. बाकीच्या सहा तशाच ठेवल्या. बरणीत जुनी मुरत नाही, नुसती थांबते. मीही तशीच थांबले होते, ट्रंकेशेजारी. ट्रंक ओट्यावर होती, जिथे आधी माझी पिशवी होती.

माझा नातू परवा वाशीहून आला होता, सोबत त्याचे दोन मित्र. तिघांनी हाताला सॅनिटायझर चोळून कोठीत प्रवेश केला, जणू आत पिंपं नाहीत, पेशंट आहेत. फडकं उचलून पाहिलं आणि नातू ओरडला, "ममाय, शी! हे तू कधी धूत नाहीस?" मी म्हटलं, "एकदा धुतलंय बाबा." मुलं निघून गेली की घर पुन्हा तेवढंच मोठं होतं. बोंबील मोडल्याचा आवाज अजून तसाच येतो. मी आता तो मुद्दाम मोठ्याने मोडते. आत्या त्यानंतर बावीस वर्षं जगली. तिच्या ओठाला चमचा लावला तो सहाव्या बरणीतला, शेवटचा. थोरलं तोवर जेमतेम तपकिरी झालं होतं.

पण मी सांगत होते त्या वर्षीचं. जांभळं आली. कुस्करायला यंदा मला बोलावलं नाही, मीच जाऊन बसले. आत्याने टोपली माझ्याकडे सरकवली. धाकटं भरलं. बोर्डिंगला निघायला दोन दिवस राहिले असताना, सकाळी, आत्या चमचा घेऊन थोरल्यापाशी गेली. मी दारात उभी. तिने चमचाभर काढून जिभेवर घेतली, डोळे मिटले आणि इतका वेळ गिळली नाही की मला वाटलं आता ही थुंकणार.

"गोड हाय," ती शेवटी म्हणाली. "पन कुनाची न्हाय."

मग तिने चमचा लुगड्याला पुसला, माझ्याजवळून ओट्यावर गेली आणि ट्रंकेवर बसली. "कागद आन," म्हणाली. पपांना पत्र लिहायचं असलं की ती सांगायची आणि मी लिहायची. मी वही घेतली, दौत घेतली, खाली बसले. मला वाटलं, कुठल्या लाँचने पाठवते ते कळवणार. टाक मी दौतीत जरा जास्तच बुडवला आणि पहिल्याच शब्दावर शाईचा डाग पडला. आत्याने तो पाहिला. खाडीकडे तोंड करून, एका दमात, वर्षभराचे शब्द एकदम खर्च करत ती बोलली, आणि मी ते जसंच्या तसं लिहिलं, शेवटचं वाक्य सोडून. ते माझ्यासाठी होतं:

"लिही. पोरीनं थोरलं पिंप धुतलं. ते परत काळं व्हायला तीस वर्सं जातील, मी काय तवर जगत न्हाय. जिनं धुतलं तिनंच राखायचं, म्हनून आग्नेस बोर्डिंगला जानार न्हाय, हितंच ऱ्हाईल. लिहिलंस? आनि तो डाग ऱ्हाऊ दे तसाच, पुसायला जाऊ नको, तुला लय हौस हाय पुसायची."